आमचे सहाध्यायी कोण?

एका बाकावर बसलेल्या मुलांनी पन्नास वर्षांनी पुन्हा एकत्र यावे, परस्परांच्या टकलाची व मधुमेहाची थट्टा करावी, हयात असलेल्या गुरुजनांना शाल-श्रीफळ अर्पण करावे आणि पोटभर जेवून, डोळे पुसत, आपापल्या शहरी परतावे, हा प्रघात अलीकडे आपल्या मध्यमवर्गात चांगलाच रुळला आहे. त्यास नावे ठेवण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. उतारवयात माणसाला जुन्या ओळखीची भूक लागते. ज्याने आपणांस अर्ध्या चड्डीत पाहिले आहे, त्याच्यापाशी मोठेपणाचा आव आणावा लागत नाही, आणि असा विसावा हल्ली दुर्मिळ झाला आहे, हे मला मान्य आहे. माझी तक्रार निराळी आहे. या मेळाव्यांत व्यासपीठावरून घडोघडी 'आपण सगळे' असा जो घोष होतो, त्यातील 'सगळे' या शब्दाची व्याप्ती कोणी ठरविली, हा माझा प्रश्न आहे. आणि ज्या एका मेळाव्यास मी स्वतः हजर होतो, त्याच्यापुरते तरी या प्रश्नाचे उत्तर लाजिरवाणे आहे, असे मला म्हणावयाचे आहे.

माझे शिक्षण नंदुरबार जिल्ह्यातील शहादे येथे झाले. आमच्या दाखल्यांवर मात्र 'जिल्हा धुळे' असेच लिहिलेले आहे, कारण नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. आम्ही १९७४ साली अकरावीतून मॅट्रिक झालो. पुढच्याच वर्षी दहावीची पहिली परीक्षा झाली, त्यामुळे 'जुने मॅट्रिक' हा मान आमच्या पदरात जवळजवळ शेवटल्या गाडीने पडला. त्यास पन्नास वर्षे झाली म्हणून २०२४ साली आमच्या तुकडीचा मेळावा भरला. पुणे, नाशिक, सुरत येथून मंडळी आली. एक गृहस्थ तर सातासमुद्रापलीकडून आले. दुसऱ्या दिवशी सर्वांस सारंगखेड्यास दत्ताच्या दर्शनाला व प्रकाशे येथे तापी-गोमाईच्या संगमावर नेण्यात आले. व्यवस्था चोख होती. यादी कशी केलीत, असे मी सहज विचारले, तेव्हा चालकांपैकी एकजण अभिमानाने म्हणाले, "मॅट्रिकच्या निकालावरून. एकही नाव सुटलेले नाही."

एकही नाव सुटलेले नाही! ज्या वर्गात मी पाचवीत दाखल झालो, त्याच्या हजेरीपटावरील निम्मी नावेदेखील अकरावीच्या पटावर उरली नव्हती. गुरुजी हजेरी घेत तेव्हा माझ्या नावाच्या आधी व नंतर येणारी दोन नावे आजही मला झोपेत म्हणता येतील. त्यांतले एकही या यादीत नव्हते. भिल, ठाकरे, पावरा, वळवी या आडनावांची मुले पाचवीत भिंतीकडच्या रांगेत बसत. सहावीत ती रांग विरळ झाली, सातवीत तिच्यात दोघेतिघे राहिले, आणि आठवीत आम्ही तेथे आपली दप्तरे व छत्र्या ठेवू लागलो. ती जागा रिकामी का झाली, हे आम्हांपैकी कोणी विचारले नाही, व कोणी सांगितलेही नाही. मुलांना तेव्हा ते न सुचणे क्षम्य होते. पण सदुसष्टाव्या वर्षी, चष्मा लावून, निकालपत्रक समोर ठेवून यादी करणाऱ्यांना ते सुचू नये, याला काय म्हणावे?

हा एका वर्गाचा अपवाद नव्हे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा सुमारे ६४ भरले, तर साऱ्या महाराष्ट्राचे ८२ च्या वर होते. राज्यात सर्वांत खालचा क्रमांक याच जिल्ह्याचा लागला. त्याच गणनेप्रमाणे जिल्ह्यातील शंभर माणसांपैकी एकोणसत्तर अनुसूचित जमातींची. अशा मुलखात मॅट्रिकचा निकाल ही सहाध्यायांची यादी मानणे म्हणजे चाळणीत उरलेल्या दाण्यांकडे बोट दाखवून 'हेच सारे पीक' असे म्हणण्यासारखे आहे.

मी हे त्याच सायंकाळी बोलून दाखविले. त्यावर जी उत्तरे मिळाली, ती सुशिक्षित माणसांची होती व म्हणूनच विचारात घेण्याजोगी आहेत.

पहिले उत्तर असे की, ती मुले आता सापडणार कोठे? सातासमुद्रापलीकडच्या गृहस्थांचा पत्ता त्यांच्या मेहुण्याच्या व्याह्यांकडून मिळविण्यात आला, हे मला ठाऊक आहे. त्या शोधाची कथा व्यासपीठावरून टाळ्यांच्या गजरात सांगण्यात आली. शाळेपासून दोन कोसांवर ज्याचे घर आहे, त्याचा शोध मात्र अशक्यप्राय ठरला. पुढे मला कळले की, मेळाव्याच्या मंडपाचे खांब रोवणाऱ्यांत माझ्या एका वर्गसोबत्याचा सख्खा पुतण्या होता. 'तुझा काका कोण रे?' एवढे त्यास विचारले असते तरी पुरे होते.

(येथे मुलींविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. आमच्या वर्गातील कित्येक मुली आठवी-नववीतच लग्न होऊन गेल्या. 'आडनावे बदलली, आता काय शोधणार?' असे म्हणून त्यांचा विषय एका वाक्यात निकालात निघाला. त्यांची माहेरे याच गावात आहेत, व त्यांचे भाऊ मेळाव्यात पहिल्या रांगेत बसले होते.)

दुसरे उत्तर अधिक सभ्य होते, आणि म्हणून अधिक घातक. "बोलावले असते हो, पण त्यांनाच अवघडल्यासारखे झाले असते." हे वाक्य मी अनेक मेळाव्यांच्या हकिगतींत ऐकले आहे. अवघडणार होता तो नेमका कोण? ज्याने साठ वर्षे उन्हातान्हात काढली, त्याला आमच्या खुर्चीवर तासभर बसण्याचे भय वाटेल, असे समजण्यास आधार काय? अवघडलो असतो ते आपण. 'तू शाळा का सोडलीस?' हा प्रश्न तोंडात आला असता, आणि त्याचे उत्तर ऐकताना भोवताली बसलेल्यांपैकी काहींना आपली मान वळवावी लागली असती. आपला संकोच दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून वर त्याच्याविषयी कळवळा दाखविणे, ही आपल्या वर्गाची जुनी खोड आहे.

आणि तिसरे उत्तर: "आनंदाचा प्रसंग आहे, जुनी भांडणे कशाला उकरता?" या उत्तरापाशी मला थांबावे लागेल, कारण यात निदान एवढे तरी कबूल केले आहे की, काही भांडण होते.

ते भांडण काय होते? आम्ही आठवीत होतो तेव्हा, मे १९७१ मध्ये, शहादे तालुक्यातील पाटीलवाडी येथे धान्यासाठी जमलेल्या भिल्लांवर हल्ला झाला व गोळी चालली. पुढील ३० जानेवारीस, १९७२ साली, शहाद्यास भूमुक्ती मेळावा भरला. आंबरसिंग सुरतवंती यांचे नाव तेव्हा तालुक्यातील प्रत्येक भिल्लवस्तीत घेतले जात होते, आणि प्रत्येक मोठ्या खळ्यावर ते दात-ओठ खाऊन उच्चारले जात होते. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. सालदारांची मजुरी, सावकारीत व लबाडीत गेलेल्या जमिनी, बायकांनी फोडलेली दारूची मडकी, बागायतदारांनी पिकांच्या रक्षणाच्या नावाखाली उभारलेल्या सोसायट्या व त्यांचे काठीवाले रखवालदार, हे सारे आमच्या शाळेच्या खिडकीतून दिसत होते. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी त्यांना परत देण्याविषयीचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ सालचा आहे. म्हणजे ज्या वर्षी आम्ही मॅट्रिक झालो त्याच वर्षाचा. आंबरसिंगांचे निधनही त्याच वर्षीचे.

एवढ्या मोठ्या घडामोडीच्या ऐन मध्यावर जी मुले शाळेत होती, ती पन्नास वर्षांनी दोन दिवस आठवणी सांगत बसली आणि त्या आठवणींत हिचा एका अक्षराने उल्लेख झाला नाही! गुरुजींची छडी निघाली, मधल्या सुट्टीतील बोरे-चिंचा निघाल्या, गोमाईत चोरून पोहणे निघाले, कोणाच्या वहीत कोणाचे पत्र सापडले तेही निघाले. एक रुपयाच्या तिकिटाचे सिनेमे सालवार आठवले. मात्र मोर्चा निघाला त्या दिवशी शाळा लवकर सोडून आम्हांस 'सरळ घरी जा' असे सांगण्यात आले होते, हे आठवले नाही. कोणाला आठवणार? ज्यांचे बाप त्या मोर्चात चालत होते, ती मुले यादीत नव्हती. आणि ज्यांचे बाप दारे लावून आत बसले होते, त्यांना स्मरणाचे प्रयोजन नव्हते. आठवण ही आपोआप उरते असे आपण समजतो. वस्तुतः कोणाला बोलवायचे हे ठरले की, काय आठवायचे हेही ठरून जाते.

समारोपाच्या भाषणात एका विद्वान मित्राने 'आमचा गाव हरवला' या विषयावर सर्वांस हेलावून सोडले. प्रकाशे व सारंगखेडे येथे तापीवर बराज झाले, नदीचे ते वाळूचे पात्र गेले, मातीची घरे गेली, चौकातील झाड गेले, असा त्यांच्या विलापाचा सूर होता. वाळू मलाही आठवते; तिचे दुःख खोटे आहे असे मी म्हणत नाही. परंतु हे शब्द ज्या जिल्ह्यात उच्चारले जात होते, त्याच जिल्ह्यातील अक्कलकुवे व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात गेली आहेत. मणिबेलीपासून वर नर्मदेच्या काठाकाठाने ज्यांची शेते, देवस्थाने व थडगी पाण्याखाली गेली, त्यांच्यातील कित्येक कुटुंबांच्या वसाहती आज तळोदे व शहादे तालुक्यांत, म्हणजे त्या मंडपापासून फार दूर नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये तो जलाशय प्रथमच काठोकाठ भरला. गाव हरवणे म्हणजे काय, हे त्यांना विचारावे. आमचा गाव हरवलेला नाही. तो आमच्या गैरहजेरीत, आम्हांस न विचारता, पुढे गेला आहे. आम्ही तो स्वखुशीने सोडला, चांगल्या पगारासाठी सोडला, आणि आता सुट्टीच्या दोन दिवसांत तो आमच्यासाठी जसाच्या तसा धुऊन-पुसून ठेवलेला असावा अशी अपेक्षा करतो. तेथे राहणाऱ्यांनी पक्की घरे बांधू नयेत काय?

याच भाषणाच्या आरंभी हुतात्मा शिरीषकुमारास वंदन झाले होते. ते योग्यच झाले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या माणिक चौकात पोलिसांच्या गोळ्यांनी शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशीधर केतकर आणि घनश्यामदास हे पाच जण पडले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. ज्या विद्यार्थ्याच्या नावाने हा सारा मुलूख अभिमान बाळगतो, तो मॅट्रिकपर्यंत पोहोचला नाही. निकालपत्रकावरून यादी करणाऱ्यांच्या नियमाने त्याच्या तुकडीचा मेळावा भरला असता, तर त्यात त्याचे नाव आले नसते! मी हे मित्राच्या कानी घातले. 'ती गोष्ट निराळी' असे म्हणून ते चहाकडे वळले. निराळी आहे, यात शंका नाही. एकाला गोळीने शाळेतून नेले, इतरांना काय घेऊन गेले तेवढेच पाहावयाचे उरते.

तेही मी पाहिले, आणि येथे मला स्वतःवरच साक्ष द्यावी लागत आहे.

मेळावा आटोपल्यावर मी चार दिवस मागे राहिलो व हजेरीपटावर माझ्या नावाच्या पुढे ज्याचे नाव असे, त्याच्याकडे गेलो. त्याचा बाप आमच्या घरी सालदार होता. शाळेत आम्ही एकमेकांस 'अरे-तुरे' करीत असू. तो आता मला 'भाऊ' व 'तुम्ही' म्हणाला. मी दोनदा त्यास टोकले. त्याने हसून कोरा चहा पुढे केला व पुन्हा 'तुम्ही' म्हणाला. मेळाव्याचे त्यास ठाऊक होते, पुतण्याने सांगितले होते. त्याविषयी त्याने काही विचारले नाही. विचारले ते भलतेच: "भाऊ, शाळेच्या रजिस्टरात माझं नाव अजून असंल का?"

नातवाच्या प्रवेशासाठी जमातीच्या दाखल्याची पडताळणी व्हावयाची होती. या पडताळणीत घराण्यातील जुन्या कागदांना फार महत्त्व असते. अनुसूचित जमातींचा आदेश ज्या दिवशी निघाला त्या ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा कागद मिळाला तर उत्तमच. पण त्याच्या बापाने शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. म्हणून त्या घराण्यातील शाळेचा सर्वांत जुना कागद म्हणजे याने स्वतः पाचवीत घेतलेला प्रवेश. ज्या शाळेच्या आठवणीने आम्ही दोन दिवस डोळे ओले केले, तिच्यापाशी त्याचे काम होते ते एका ओळीचे. आणि ती ओळ नातवाला हवी होती.

आम्ही दोघे शाळेत गेलो. लेखनिकाने जनरल रजिस्टर काढून दिले. पाने सुटी झाली होती, पण शाई शाबूत होती. त्याचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख १ जून. (ही १ जून आमच्या पिढीतील असंख्य मुलांची जन्मतारीख आहे; आईबापांस तारीख सांगता न आली की, शाळा सुरू होते तो महिना पाहून गुरुजी ती लिहून मोकळे होत. आमच्या मोबाईलवरील गटात त्या दिवशी शुभेच्छांचा पाऊस पडतो, तो का, हे कोणी विचारीत नाही.) पुढे शाळा सोडल्याचा दिनांक, सन १९७०. आणि शेवटच्या रकान्यात, 'शाळा सोडल्याचे कारण' या मथळ्याखाली, दोन शब्द: 'सतत गैरहजर'.

ते कारण खोटे आहे, हे मला ठाऊक आहे. खानदेशात सालदाराचे साल अखाजीपासून अखाजीपर्यंत ठरते. १९७० च्या अखाजीस आमच्या ओट्यावर जे साल ठरले, त्यात बापाच्या जोडीस पोराने गुरे वळावीत असेही ठरले. पोराला दोन वेळा खायला मिळेल, हा त्यात उपकारही होता, आणि माझ्या वडिलांचा त्यावर प्रामाणिक विश्वास होता. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी सातवीतून आठवीत गेलो व तो म्हशी घेऊन नदीकडे जाऊ लागला. त्याच्या गैरहजेरीचे कारण आमच्या गोठ्यात बांधलेले होते. सायंकाळी मी परत येई तेव्हा तो दावी सोडीत असे, आणि आम्ही बोलतही असू. मी त्यास एकदा नवे भूगोलाचे पुस्तक दाखविले होते, असेही आठवते. तो गुरे वळतो म्हणून मी शाळेत जाऊ शकतो, असे काही त्या वेळी माझ्या मनात आले नाही. पुढेही पन्नास वर्षे आले नाही. मी मेळाव्यांवर टीका करतो ती बाहेर उभा राहून करीत नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

तेव्हा चालक मंडळींस माझे म्हणणे एवढेच आहे. निकालपत्रक बाजूस ठेवा व पाचवीचा हजेरीपट काढा. त्यावरील प्रत्येक नावाची चौकशी करा. जो हयात असेल त्यास बोलावा, जो नसेल त्याच्या घरच्यांस बोलावा, आणि मेळाव्याच्या आरंभी गुरुजनांपैकी कोणाकडून तरी ती पूर्ण हजेरी घ्या. कोण येतो व कोण येत नाही, ते ज्याचे तो ठरवील. येणारा त्या दिवशी काय बोलेल, हेही त्यालाच ठरवू द्या. शालींवर जो खर्च होतो त्याच्या अर्ध्यात जुन्या रजिस्टरांची पाने नीट बांधून होतील व त्यांच्या प्रतीही निघतील. त्या ओळी शोधीत शाळेच्या दारी येणारे लोक आमच्यापेक्षा अधिक आहेत व त्यांची निकड आमच्याहून खरी आहे.

हजेरीपटावरील नावे मी उतरवून घेतली आहेत. त्यांची एक प्रत मी चालकांकडे पाठविली. पुढील मेळावा तोरणमाळास भरवावयाचा ठराव झालेला आहे. उत्तर आले की, सूचना स्तुत्य आहे, परंतु बसमधील जागा मर्यादित आहेत. मी दोन जागांची वर्गणी भरली आहे. दुसरी जागा ज्याच्यासाठी धरली त्याला मी तसे कळविले, तेव्हा तो म्हणाला, पाहू, दोन दिवस म्हशी कोणाकडे तरी द्याव्या लागतील. आता त्या त्याच्या स्वतःच्या आहेत. येतो की नाही, ते त्याने अद्याप सांगितलेले नाही.